ड्रॉइंग क्लास लावावा का? लाजाळू मुलीला फायदा होईल?

नाशिकची_आई:
मुलगी तिसरीत आहे, पेन्सिल हातात आली की वहीची मागची पानं, कॅलेंडर, भिंत काही सोडत नाही. ड्रॉइंग क्लास लावायचं मनात आहे पण सासरे म्हणतात त्यापेक्षा अबॅकसला घाला, गणित तरी सुधारेल. जवळचा एक क्लास बघून आले, तिथे सर फळ्यावर चित्र काढतात आणि मुलं उतरवून घेतात, सगळ्यांच्या वहीत तेच दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी. मुलगी लाजाळू आहे, चारचौघांत बोलत नाही. चित्रकलेने अशा मुलांमधे काही फरक पडतो का?

कलाशिक्षक_सातारा:
ताई, आवड आहे तर नक्की घाला, पण हा क्लास नको. या वयातली मुलं समोर दिसतं त्यापेक्षा मनात जे मोठं असतं ते काढतात, म्हणून आई घराहून उंच होते आणि भिंत असूनही आत जेवायला बसलेली माणसं दिसतात. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणाच्या अभ्यासकाने 1947 मधे मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले त्यात हे सगळं येतं. तिथे कुणी खोडरबर घेऊन बसलं की मूल म्हणायला लागतं, मला येत नाही, तुम्हीच काढून द्या. अशी मुलं माझ्याकडे येतात, कोरा कागद समोर ठेवून नुसती बसून राहतात. मग मी पेरू मधोमध कापून देतो, आधी बघा म्हणतो, बिया कुठे दाट आहेत, गराचा रंग कडेला कसा बदलतो. पोपटी रंगाची ट्यूब देत नाही, पिवळ्यात निळा थोडा थोडा घालत त्यांनीच तो शोधायचा, आणि वॉटरकलरचा डाग पडला तर त्याचं झाड करायचं का ढग हेही त्यांनीच ठरवायचं. स्वतः ठरवायची सवय लागली की धीर येतो, हे मी खूप मुलांमधे बघितलंय.

कोल्हापूरचा_बाबा:
सरांशी सहमत. माझ्या मुलाने एलिमेंटरी, इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षा दोन्ही दिल्या. इंटरमिजिएटला ए ग्रेड असेल तर दहावीला 7 मार्क वाढतात, बीला 5, सीला 3, त्यामुळे बरेच पालक तेवढ्यासाठीच पाठवतात. पण परीक्षेतल्या स्मरणचित्राच्या, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्राच्या तयारीसाठी तो मंडईत माणसं बघायला लागला, भाजीवाली मावशी गुडघा कसा मुडपून बसते, तराजू धरताना कोपर कुठे जातं, आणि घरी येऊन ते सगळं आम्हाला सांगायचा. एरवी शाळेत काय झालं विचारलं तर "काही नाही" एवढंच. तुमची तिसरीत आहे, परीक्षांचा विचार आत्ता अजिबात नको.

नाशिकची_आई:
खूप धन्यवाद दोघांना. घरी आम्ही काय करावं? मी तर प्रत्येक चित्राला "छान छान" म्हणते.

कलाशिक्षक_सातारा:
"हे काय काढलंय?" असं विचारू नका, मुलं हिरमुसतात. "यात काय चाललंय, सांग ना" म्हणा आणि ती बोलत असताना मधे दुरुस्ती करू नका, लाजाळू मुलं चित्र हातात असलं की बरंच बोलतात. स्पर्धांना इतक्यात पाठवू नका. भिंतीवर एक मोठा कागद चिकटवून द्या, भिंतही वाचेल. आणि क्लास बघायला जाल तेव्हा तिथे लावलेली मुलांची चित्रं बघा, सगळी एकसारखी असतील तर दुसरा शोधा. अबॅकस पुढच्या वर्षीही लावता येईल.