अखत्यार, अधिकारिता की हद्द?

विचारणा
अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतरच्या 'फ्रीडमन्स ब्यूरो'बद्दल मराठीत लिहितोय. ३ मार्च १८६५च्या कायद्याने युद्धखात्यात उभं राहिलेलं हे तात्पुरतं कार्यालय. निर्वासित, मुक्त गुलाम आणि मालकांनी सोडलेल्या जमिनी, तिन्ही त्याच्या गळ्यात. कागदपत्रांत 'ज्युरिसडिक्शन'वरून सतत ओढाताण आहे. मी सगळीकडे 'अधिकारक्षेत्र' लिहिलं, पण वाक्यं अडखळतात. 'हद्द' चालेल?

प्रतिसाद १
नको. हद्द म्हटलं की नकाशा येतो, चोरी कुठल्या ठाण्याच्या हद्दीत झाली वगैरे. इथे एकाच गावातल्या थकलेल्या मजुरीच्या तक्रारीवर राज्याचं न्यायालय, लष्करी अधिकारी आणि ब्यूरोचा एजंट असे तिघे हक्क सांगू शकत, किंवा तिघेही हात झटकू शकत. ब्यूरोचे आयुक्त हॉवर्ड यांच्या मे १८६५च्या परिपत्रकाचा आशय असा: जिथे स्थानिक न्यायालयं काळ्या माणसाची साक्षच घेत नाहीत, तिथे गोऱ्या-काळ्यांमधले तंटे ब्यूरोने सोडवावेत. म्हणजे प्रश्न जागेचा कमी आणि साक्षीचा जास्त. 'हा दावा कोणाच्या अखत्यारीतला?' असं लिहा.

आणि 'निर्वासित' शब्दाला एक टीप जोडा. त्या कायद्यात तो मुख्यतः दक्षिणेतल्या विस्थापित, संघराज्याशी निष्ठावंत गोऱ्यांसाठी आहे. मराठी वाचक भलतंच समजेल.

प्रतिसाद २
अखत्यार कथनात छान, पण कायद्याच्या मराठीत 'अधिकारिता' रूढ आहे आणि इथे तिची गरज पडते. अलाबामात ब्यूरोचे प्रमुख वेगर स्वेन यांनी राज्याच्या न्यायाधीशांनाच ब्यूरोचे एजंट नेमलं. माणूस तोच, खुर्ची तीच; निवाडा मात्र कोणत्या अधिकारितेने? मिसिसिपीत साक्ष स्वीकारण्याचं आश्वासन मिळताच ब्यूरोने खटले राज्याकडे सोपवले, जरा घाईनेच म्हणायचं.

१८६६ तर कहर. एप्रिलमध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी टेक्सास वगळता बंड संपल्याचं जाहीर केलं, म्हणजे लष्करी अमलाचा आधारच डळमळला. जुलैत काँग्रेसने त्यांचा नकाराधिकार डावलून ब्यूरोची मुदत वाढवली. डिसेंबरात मिलिगन खटल्याचं सर्वोच्च न्यायालयाचं निकालपत्र आलं: नागरी न्यायालयं चालू असतील तिथे नागरिकांवर लष्करी खटला नाही. बिचाऱ्या एजंटाने कोणाचं ऐकायचं?

विचारणाकर्ता
पटलं. कथनात 'अखत्यार', कायद्याच्या उताऱ्यांत 'अधिकारिता'. एजंटाला नेमून दिलेल्या जिल्ह्यांबद्दल बोलताना तेवढी 'हद्द' ठेवतो.