दरीवर ड्रोन नेल्यास उंचीची मर्यादा कुठून मोजायची?

प्रश्न | दरीकाठ
नमस्कार. डोंगरमाथ्यावरील एका पॉइंटवरून, निव्वळ हौस म्हणून, २४९ ग्रॅम वजनाचा ड्रोन उडवण्याचा विचार आहे. कठड्यापलीकडे कडा एकदम तुटलेला असून खाली खोल दरी आहे. अनेक देशांत उंचीची मर्यादा १२० मीटर असते, हे ठाऊक आहे. पण ड्रोन दरीवर गेल्यानंतर ती मी उभा आहे तेथून धरायची की दरीच्या तळापासून? शिवाय एवढ्या हलक्या ड्रोनला कोणतेच नियम लागू नसतात, असे काही जण सांगतात. ते खरे आहे का?

उत्तर | पश्चिमवारा
रिमोटच्या पडद्यावर दिसणारी उंची उड्डाणस्थळापासूनची असते, कायद्याला मात्र जमिनीपासूनची उंची अभिप्रेत असते. त्यामुळे पडद्यावर शून्य दिसत असतानाही तुमचा ड्रोन दरीच्या तळापासून तीनशे मीटर उंचीवर, म्हणजे मर्यादेच्या कितीतरी वर असू शकतो. अमेरिकेत ४०० फुटांची मर्यादा ड्रोनखालील जमिनीपासून मोजतात. युरोपीय संघाच्या नियमांत १२० मीटर हे अंतर जमिनीच्या सर्वांत जवळच्या बिंदूपासून धरतात, म्हणून कड्याच्या भिंतीलगत राहिल्यास तेथे थोडी मोकळीक मिळते. भिंत सोडून दरीच्या मध्यावर गेलात की ती मोकळीक संपते.

वजनाविषयीचा समज अर्धवट आहे. भारतात २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' गटात मोडतो आणि त्यासाठी वैमानिक परवाना लागत नाही, परंतु लाल क्षेत्रातील (नकाशावर ड्रोनसाठी निषिद्ध दाखवलेल्या भागातील) बंदी त्यालाही लागू असते. युरोपात कॅमेरा बसवलेला असल्यास एवढ्या लहान ड्रोनच्या चालकालाही सहसा नोंदणी करावी लागते. याखेरीज वनखात्याचे किंवा उद्यानाचे नियम वेगळे असतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून हौशी ड्रोनला जवळजवळ सर्वत्र बंदी आहे. तेव्हा हवाई क्षेत्राचा अधिकृत नकाशा आणि जागेच्या व्यवस्थापनाचे नियम, दोन्ही पाहावेत.

उत्तर | कंपासवाला
वरील उत्तराशी सहमत आहे. मला काळजी वाटते ती परतीच्या प्रवासाची. वारा कड्यावर आदळून वर चढतो आणि माथ्याच्या मागच्या बाजूला भोवरे घेत खाली उतरतो. त्या आडोशाच्या बाजूला हलका ड्रोन खाली खेचला जातो. म्हणून आधी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने जावे, म्हणजे बॅटरी उतरल्यावर परतताना वारा पाठीशी असतो. समुद्रसपाटीपासून ३००० मीटरवर हवेची घनता सुमारे पाऊणपट असते, त्यामुळे पंखे अधिक वेगाने फिरतात आणि उड्डाणाचा वेळ घटतो. त्यात थंडी असेल तर बॅटरीचा व्होल्टेज अचानक कोसळू शकतो. ती खिशात उबदार ठेवावी आणि उड्डाणानंतर मिनिटभर ड्रोन जवळच स्थिर ठेवून आकडे पाहावेत.

कठड्याच्या लोखंडी गजांजवळून उड्डाण करू नये, कारण कंपास बिघडतो. उपग्रहांची पुरेशी संख्या मिळून 'होम पॉइंट', म्हणजे ड्रोनने परत यायचे ठिकाण, नोंदला जाईपर्यंत घाई नको. एका बाजूने उंच कडा असेल तर निम्मे आकाश झाकले जाते आणि वेळ लागतो.

प्रश्नकर्ता | दरीकाठ
दोघांचेही आभार. ड्रोन कड्याच्या पातळीखाली नेऊन भिंतीचे चित्रण करावे का?

उत्तर | कंपासवाला
मी करणार नाही. कडा मध्ये आला की रिमोटचा संपर्क तुटतो आणि ड्रोन नजरेआडही होतो, जे बहुतेक ठिकाणी नियमबाह्य आहे. संपर्क तुटल्यावर 'रिटर्न टू होम' ड्रोनला ठरवलेल्या उंचीवर नेते, पण वर कड्याचा पुढे आलेला भाग असेल तर तो त्यावरच आदळेल. स्वयंचलित परतीची उंची आसपासच्या सर्वांत उंच झाडाच्या किंवा सुळक्याच्या वर ठेवावी, तीही कायद्याच्या मर्यादेत. कड्यांत शिकारी पक्ष्यांची घरटी असतील तर तेथे विणीच्या काळात जाऊच नये.

उत्तर | पश्चिमवारा
एक राहिले. पॉइंटवर गर्दी असल्यास लोकांच्या डोक्यावरून उडवू नका, पहाटेची वेळ निवडलेली बरी. बचावकार्याचे हेलिकॉप्टर किंवा पॅराग्लायडर ऐकू आला वा दिसला, तर चित्रण अर्धवट सोडून तत्काळ खाली उतरवा. त्यांना तुमचा ठिपका दिसत नाही.