मदत हवी आहे: बहीण बर्लिनला चालली, खोलीचं काय करावं?

नमस्कार मंडळी. आम्ही वणी तालुक्यातले, घरी कापूस-तुरीची शेती. लहान बहिणीला बर्लिनला एम.एस्सी.साठी प्रवेश मिळाला. नागपूरच्या पलीकडे ती कधी एकटी राहिली नाही. व्हिसा आला, ब्लॉक्ड अकाउंटचे (तिथल्या वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) ११,९०४ युरो कर्ज काढून भरले. अडलंय ते खोलीपाशी.

तिथं राहायला गेल्यावर १४ दिवसांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. वसतिगृहाच्या यादीत नाव आहे, नंबर कधी लागेल काय माहीत. परवा एकानं खोलीचे नुसते फोटो पाठवले आणि म्हणाला, दोन महिन्यांचं डिपॉझिट आधी टाका, चावी कुरिअरनं येईल. बहीण पैसे पाठवायलाच बसली होती, मी थांबवलं. बरोबर केलं ना? पहिला महिना कुठं काढावा? तात्पुरत्या जागेवर तो कागद मिळतो का?

आईनं भिवापुरी मिरचीचं तिखट आणि जवसाची चटणी तिहेरी पिशवीत बांधून ठेवली आहे. तूप मात्र काढायला लावलं, युरोपात दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. माय दोन दिवस नीट बोलली नाही माझ्याशी.

थंडीचा कोट इथून घ्यावा की तिथं? आमच्याकडच्या स्वेटरनं भागणार नाही, एवढं कळतं.

तिकडं शिकलेल्या ताईंनी जरूर लिहा. रात्री उशिरा एकटीनं ट्रेननं येणं-जाणं कसं आहे, हे आई रोज विचारते आणि मला सांगता येत नाही. तिकीट २० सप्टेंबरचं आहे.