रेम्ब्रांटच्या म्हातारपणातला काळोख खरंच दुःखाचा?

कवडसा: डच चित्रकार रेम्ब्रांटची उतारवयातली आत्मचित्रं निघाली की ठरलेली कहाणी सुरू होते: १६५६ मध्ये दिवाळं, १६६३ मध्ये जोडीदारीण हेंड्रिक्ये गेली, १६६८ मध्ये मुलगा टायटस गेला, म्हणून हा सगळा काळोख. मला पटत नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधलं १६२८ च्या सुमाराचं आत्मचित्र बघा. वय जेमतेम २२, दिवाळं फार लांब, आणि डोळे अख्खे सावलीत! उजेड गालाच्या कडेला नि मानेवर तेवढा. तेव्हा कसला शोक होता? सावली ही त्याची हातोटी. चरित्र आपण मागाहून चिकटवतो.

तैलखडू: सावली मोजलीत, रंगाचं काय? त्या पोरवयातल्या चित्रात ओल्या रंगावर ब्रशचा दांडा ओढून केस कोरलेत, सरळ उनाडपणा. लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं १६६९ चं चित्र, म्हणजे तो वारला त्याच वर्षीचं, जवळून बघा. चेहऱ्यावर रंगाचे असे थर चढवलेत की कातडी रंगवलेली न वाटता हाताला लागेल असं वाटतं. जिथे वय दिसतं नेमका तिथेच उजेड. आणि क्ष-किरण तपासणीत आढळलं की आधी हातात ब्रश होता. तो पुसून त्याने हात नुसतेच गुंफले. चित्रकार स्वतःच्या हातातला ब्रश काढून घेतो, ही निव्वळ हातोटी?

कवडसा: खाली ब्रश आला की नजर चेहऱ्यावरून घसरते, एवढं साधं कारण पुरेसं आहे. टोपीसुद्धा आधी पूर्ण पांढरी होती, तीही बदलली. टोपीत मात्र कुणी शोक शोधत नाही!

बिनपगारी_प्रेक्षक: दोघंही त्याच काळातल्या डच चित्रकाराला, फ्रान्स हाल्सला विसरलात. त्याचं चित्र बघा: हार्लेमच्या वृद्धाश्रमाच्या विश्वस्त बायका, १६६४. स्वतः ऐंशीच्या आसपास, गावाने बांधून दिलेल्या तनख्यावर जगणारा. काळ्या कपड्यांतून चेहरे आणि हात तेवढे वर येतात. रेम्ब्रांट म्हाताऱ्यांना सोनेरी ऊब देतो, हा तेवढीही सवलत देत नाही. मला हाच जास्त खरा वाटतो.

तैलखडू: खरा की चिडलेला? त्या बायकांवर सूड उगवलाय म्हणतात.

बिनपगारी_प्रेक्षक: अहो, त्या बायकांनी चित्र ठेवून घेतलं की! आता फ्रान्स हाल्स संग्रहालय त्याच वृद्धाश्रमाच्या इमारतीत आहे.

कवडसा: बघा, इथेही चरित्रच चिकटवलंत.

तैलखडू: सूडाचं मागे घेतो. ब्रशचं नाही.