ऑक्टोबर, भोपळे आणि भीतीची पुस्तकं : तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती, न्यू जर्सी

ऑक्टोबर लागला की ३१ तारखेच्या हॅलोविनसाठी, म्हणजे इकडच्या भुताखेतांच्या सणासाठी, आमच्या गल्लीत दारोदारी प्लॅस्टिकचे सांगाडे उभे राहतात आणि मी भयकथांची पुस्तकं वरच्या फळीवरून खाली काढते. अकरा वर्षांचा नेम आहे. ३१ तारखेपर्यंत रोज रात्री एक कथा, एकच दिवा लावून, मोठ्यानं वाचायची.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. मराठीत भयकथेला आपण पंक्तीत बसवत नाही. आमच्या गावच्या वाचनालयात नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांची पुस्तकं हात लागून लागून खिळखिळी झालेली असायची, पण साहित्यावर बोलायला बसलेले लोक त्यांना 'लोकप्रिय' म्हणून एका ओळीत वाटेला लावायचे. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. नुसत्या शब्दांच्या जोरावर वाचकाला पाणी प्यायला उठायची भीती वाटायला लावणं फार अवघड काम आहे. ज्याला ते जमतं तो मोठा लेखक.

मागच्या वर्षी मी स्लीपी हॉलोला जाऊन आले. न्यू यॉर्कच्या ग्रँड सेंट्रलहून गाडी हडसन नदीच्या काठाकाठानं जाते. इथे घडणारी, बिनडोक्याच्या घोडेस्वाराची अमेरिकन लेखक वॉशिंग्टन अर्विंगची गोष्ट १८२० सालची. त्या गावाचं नाव खरं तर नॉर्थ टॅरीटाउन होतं. १९९६ मध्ये गावकऱ्यांनी मतदान करून गोष्टीतलं नाव घेतलं. गोष्टीवरून गावाचं नाव! जुनं डच चर्च आणि शेजारची दफनभूमी अजून तिथेच आहे. अर्विंगची कबर त्याच टेकडीवर, साधा पांढरा दगड. मी कठड्याशी उभी राहून गोष्टीतला घोडेस्वाराचा शेवटचा पाठलाग पुन्हा वाचला. आज सगळे या गोष्टीला हॅलोविनची गोष्ट म्हणतात, पण तिच्यात हॅलोविनचा एका शब्दानंही उल्लेख नाही. आहे तो शरद ऋतू, सुगीनं भरलेली घरं, मेजवानीत रंगलेल्या भुतांच्या गप्पा आणि त्या ऐकून रात्री एकटाच घरी निघालेला मास्तर. सकाळी त्याची टोपी सापडते आणि शेजारी फुटलेला भोपळा. मास्तराचं काय झालं ते अर्विंग शेवटपर्यंत नक्की सांगत नाही, आणि तिथेच तो मला फार मोठा वाटतो. हे सगळं त्यानं लिहिलं इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमला बहिणीच्या घरी राहून. घरापासून लांब राहणाऱ्याला गावाकडच्या वाटा अशाच आठवतात, हे मला चांगलं ठाऊक आहे.

आता तुम्ही सांगा. या दिवसांत काय वाचता, आणि कशानं झोप उडाली? सिनेमे नकोत, पुस्तकंच सांगा.

डब्लिनहून

ताई, हॅलोविनचं माहेर इकडचं, म्हणून पहिला मी लिहितो. साउइन हा सुगी संपून हिवाळा लागण्याच्या वेळचा जुना सण. त्या रात्री या जगाचं आणि त्या जगाचं दार उघडं असतं अशी समजूत. भोपळा पुढे अमेरिकेत आला. आयर्लंडमध्ये सलगमासारखा कंद कोरायचे. मेयो परगण्यातल्या संग्रहालयात अशा एका जुन्या कंदिलाचा साचा ठेवलाय. सुरकुतलेला, दात विचकलेला चेहरा. त्यापुढे भोपळा अगदी सोज्वळ.

माझी आजी वेंगुर्ल्याकडची. 'रातचो थय जाव नको, देवचाराची वाट आसा ती,' असं सांगायची. देवचार गावाचा राखणदार, हातात काठी, खांद्यावर घोंगडी. वाट चुकलेल्याला तो घरी पोचवतो, पण आपण त्याच्या वाटेत यायचं नाही. इथल्या म्हाताऱ्या शेजारणीनं परीचं मानलेल्या झुडपाबद्दल हुबेहूब हेच सांगितलं, तेव्हा आजीची फार आठवण आली.

वाचनाचं म्हणाल तर मार्श वाचनालय. १७०७ पासूनचं. दुर्मीळ पुस्तक मागणाऱ्याला तिथे जाळीच्या पिंजऱ्यात बसवून कुलूप लावत. ब्रॅम स्टोकर तरुणपणी, १८६६ मध्ये, इथे येऊन वाचत असे. रक्त पिणाऱ्या सरदारावरचा त्याचा 'ड्रॅक्युला' १८९७ चा. पण त्याच्या पंचवीस वर्षं आधी डब्लिनच्याच शेरिडन ल फानूनं 'कार्मिला' लिहिली होती. तीत रक्त पिणारी एक मुलगी आहे, आणि ती मैत्रीण म्हणून घरात येते. मला ड्रॅक्युलापेक्षा तीच जास्त भिववते. दारावर आलेल्या परक्यापासून सावध राहता येतं. घरातल्या पाहुणीपासून कसं राहणार?

पोर्टलंड, मेन इथून (मूळ सदाशिव पेठ)

डब्लिनकर दादांचा धागा पुढे नेते. आठवीत असताना उन्हाळ्याच्या सुटीत मी धारपांची 'लुचाई' वाचली, माळ्यावर बसून, कारण आईनं बजावलं होतं की हे पुस्तक घरात दिसायला नको. त्यानंतर कितीतरी दिवस संध्याकाळी खिडकी लावायला मी धाकट्या भावाला पाठवत असे.

वीस वर्षांनी इथल्या सार्वजनिक ग्रंथालयात ऑक्टोबरमध्ये भयकथांचं एक टेबल मांडलं होतं. त्यावरचं स्टीफन किंगचं १९७५ चं 'सेलम्स लॉट' उचललं. चाळीसेक पानांतच मान ताठ झाली. हे गाव मला माहीत होतं! मग शोध घेतला. ड्रॅक्युला आजच्या अमेरिकेत आला तर काय होईल, या विचारातून किंगनं ती कादंबरी लिहिली, आणि धारपांनी तिच्यावरूनच 'लुचाई' बेतली. म्हणजे डब्लिनकराच्या कल्पनेतला सरदार मेनमधल्या एका खेड्यावरून सदाशिव पेठेतल्या माझ्या माळ्यापर्यंत आला होता. काही जण याला उसनवारी म्हणून नाक मुरडतात. मी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली आहेत. धारपांनी ती भीती मराठी घरात, मराठी माणसांत अशी रुजवली की आठवीतल्या मुलीला ती परकी वाटली नाही. ते काम त्यांचंच.

आता मी राहते तिथून किंगचं गाव बँगर दोन तासांवर आहे. त्याच्या जुन्या घराच्या लोखंडी फाटकावर वटवाघळं आहेत. मी त्या फाटकासमोर उभी राहून मनातल्या मनात धारपांना नमस्कार केला.

बाल्टिमोरहून

भयकथा लिहिणारा एडगर ॲलन पो इथेच वारला, ७ ऑक्टोबर १८४९ ला. चार दिवस आधी भ्रमिष्ट अवस्थेत, दुसऱ्याच कुणाचे कपडे अंगावर असलेला असा सापडला होता. दर ऑक्टोबरला ऑफिसातून परतताना मी वेस्टमिन्स्टर चर्चच्या आवारात त्याच्या कबरीशी दोन मिनिटं थांबतो. फरशीखाली धडधडणाऱ्या हृदयाची त्याची गोष्ट जेमतेम चार-पाच पानांची आहे. मोठ्यानं वाचून पाहा. वाक्यं इतकी तुटक होत जातात की वाचणाऱ्यालाच धाप लागते.

बोस्टनजवळून

माझा सूर थोडा वेगळा आहे, पण लिहिणं भाग आहे. ऑक्टोबरभर इथल्या सेलम गावी अलोट गर्दी असते. टोकदार टोप्या, झाडू, फोटो. १६९२ मध्ये चेटूक केल्याच्या आरोपावरून तिथे १९ जणांना फाशी दिलं आणि एका म्हाताऱ्याला छातीवर दगड रचून मारलं. त्यांच्या स्मारकात भिंतीतून बाहेर आलेले वीस दगडी बाक आहेत, एकेका नावाचा एकेक. त्यातल्याच एका बाकावर बसून एक कुटुंब आइस्क्रीम खात होतं. मी तिथून निघून आले.

मला भुताच्या गोष्टी प्रिय आहेत, लहानपणी हडळ आणि मुंज्याच्या गोष्टींवर वाढले मी. पण चेटकीण ठरवून बाईला मारणं ही गोष्ट नव्हे. आपल्याकडे जादूटोणाविरोधी कायदा यायला २०१३ साल उजाडलं, तेही डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर. मुलांना सेलमला जरूर न्या, पण आधी त्या खटल्यांबद्दल वाचायला द्या.

धागाकर्ती

बोस्टनच्या ताई, शब्दाशब्दाला सहमत. गोष्टीतल्या भीतीत आपण आपल्या पायांनी जातो आणि पुस्तक मिटून बाहेर येतो. त्या वीस जणांना पुस्तक मिटता आलं नाही.

क्वीन्स, न्यू यॉर्क इथून

२०२४ मध्ये दिवाळी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले. शहरातल्या सरकारी शाळांना त्या वर्षी पहिल्यांदा दिवाळीची सुटी मिळाली, १ नोव्हेंबरला. आमच्या दारात आकाशकंदील आणि त्याच्याखाली कोरलेला भोपळा. दोन टोपल्या ठेवल्या होत्या, एकीत गोळ्या, दुसरीत ग्रंथालयाच्या विक्रीतून आणलेली मुलांची भुताची पुस्तकं. पुस्तकांची टोपली आधी रिकामी झाली. शेवटी आलेल्या मुलाला पुस्तक उरलं नाही, तर लेकीनं आत जाऊन स्वतःचं आणून दिलं.

शिकागोहून

माझे बाबा पुण्यात, वय ७८. दिवाळी अंक आला की भयकथेचं पान आधी उघडणारे. मुलगा सात वर्षांचा झाला तेव्हापासून ऑक्टोबरच्या शनिवारी ते त्याला व्हिडिओ कॉलवर गोष्ट वाचून दाखवतात. आमचे रात्रीचे आठ, त्यांचे सकाळचे साडेसहा. इकडे आम्ही दिवे घालवून पांघरुणात, तिकडे मागे कुकरच्या शिट्ट्या आणि दूधवाल्याची बेल. गेल्या शनिवारी विहिरीतल्या झोटिंगाची गोष्ट होती. गोष्ट संपली. बाबांनी विचारलं, 'काय राजे, घाबरलात?'

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'आजोबा, तुमच्याकडे उजाडलंय. माझी अजून अख्खी रात्र जायचीये.'

बाबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, 'थांब, मग झोप लागेपर्यंत मी इथेच बसतो.'