दोन एकरांतली एक एकर द्यायची का? नगररचना योजनेबद्दल विचारायचंय

बांधावरचा:
गाव पुण्याच्या पूर्वेला, नगर रस्त्यापासून आत. नाव लिहीत नाही, पाहुणेमंडळी इथं वाचतात. वडिलोपार्जित दोन एकर, सातबाऱ्यावर सात नावं. आमचा गट आता नगररचना योजनेत आलाय. निम्मी जमीन रस्ते, मोकळ्या जागा वगैरेंसाठी जाणार, निम्मी ‘अंतिम भूखंड’ म्हणून परत, तीही जागच्या जागी मिळेलच असं नाही. दादा (वडील) म्हणतात, “हातभर बांध कोरला म्हणून चुलतभावाशी अकरा वर्षं कोर्टात भांडलो, आणि आता अख्खी एकर हातानं उचलून देऊ?”

दुसरी बाजू रोज डोळ्यांसमोर आहे. शेजारचा गट 2014 साली गुंठ्या-गुंठ्यानं विकला गेला. एजंटानं फक्की मारून पंधरा फुटी रस्ता आखून दाखवला. पहिल्या पावसात फक्की गेली. मग एकानं पायरी पुढं काढली, दुसऱ्यानं तिच्यापुढं जिना. मागच्या महिन्यात पाण्याचा टँकर आत शिरला तो मागं घेता येईना. शेवटी एका घराची पायरी फोडून काढला, आणि पायरीचे पैसे कोणी भरायचे यावर भांडण अजून चालू आहे. त्या घरांचं सांडपाणी आमच्या वावरात उतरतं. जिथं ज्वारी व्हायची तिथं आता अळू माजलंय, कमरेएवढं. अळूवडीला कोणी तोडत नाही, कारण पाणी कुठलं ते सगळ्यांना माहीत.

विचारायचं एवढंच: निम्मी म्हणजे सरळ निम्म्याचं नुकसान का? आणि विहिरीत आमचा चार आणे हिस्सा आहे, त्याचं काय होतं?

साखळीवाला:
भूमापनात तीस वर्षं काढली, म्हणून सांगतो. दादा निम्मी जमीन गेली असं मोजतायत, पण उरलेली कशी मिळते तेही बघा. आज तुमच्या दोन एकरांना गाडीवाट आहे का? तुम्ही स्वतः लेआउट केलात तरी 10 टक्के मोकळी जागा आणि अंतर्गत रस्ते सोडावेच लागतील. योजनेत हे सगळ्यांच्या जमिनीतून एकदम निघतं आणि वाकडेतिकडे गट चौकोनी होऊन रस्त्याला लागतात. नुसत्या विकास आराखड्यात रस्त्याची रेघ ज्याच्या वावरातून गेली तो एकटा बुडतो आणि पलीकडचा फुकट रस्त्यावर येतो.

विहिरीचा हक्क सातबाऱ्यावर ‘इतर हक्कां’त नोंदलेला असेल तर त्याची नक्कल आत्ताच काढा. योजनेचं प्रारूप, म्हणजे मसुदा, प्रसिद्ध झालं की हरकतीला 30 दिवस असतात, पुढं लवादासमोर सुनावणी होते. तिथं तोंडी ‘आमची पण विहीर होती’ म्हणून भागत नाही. कायद्यात सुधारणा आकारही आहे, म्हणजे जमिनीची किंमत वाढली की त्या वाढीतला वाटा भरायचा. तोही विचारून घ्या.

सगळ्यांत आधी मात्र वारस नोंद आणि पोटहिस्स्याची मोजणी. सात नावं एकत्र राहिली तर भूखंडही सातजणांत एक येईल, आणि मग तुमची खरी अकरा वर्षं सुरू होतील.

जाता जाता: डेक्कन-शिवाजीनगरला गेलात तर जुन्या पत्त्यांत ‘फायनल प्लॉट नं.’ दिसेल, म्हणजे अंतिम भूखंडच. तो भांबुर्डे (शिवाजीनगरचं जुनं नाव) नगररचना योजनेचा आकडा. 1915 च्या कायद्यापासून हे चालत आलंय, काल कोणी शोधून काढलेलं नाही.

साबरमतीकाठी:
मी मूळची साताऱ्याची, लग्नानंतर अहमदाबादला. इथं शहर वाढलं की योजना येते हे लोकांनी गृहीतच धरलंय. गुजरातच्या कायद्यात 40 टक्क्यांपर्यंत कपात: रस्त्याला 15, बागांना 5, शाळा-दवाखान्यांना 5 आणि विक्रीला 15. विक्रीचे भूखंड विकून गटार-पाण्याचा खर्च निघतो. 76 किलोमीटरच्या रिंग रोडची बरीचशी जमीनसुद्धा अशीच मिळाली. तुमच्याकडं निम्मी का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

दीड_गुंठा:
बांधावरचा, तुमच्या शेजारच्यासारख्याच एका गल्लीत मी राहते. मिस्टरांना रात्री छातीत दुखलं तेव्हा रुग्णवाहिका कोपऱ्यावर थांबली आणि आम्ही त्यांना खुर्चीत बसवून तिथवर नेलं. आता बरे आहेत. दादांना एवढंच सांगा.

उशिरा_सातबारा:
रस्ता कागदावर आणि गावात यांत वर्षं जातात, हेही कोणीतरी बोला. आमच्या जिल्ह्यात योजना करायचा इरादा जाहीर झाला आणि मधल्या काळात बांधकाम परवानगीही अडकली. भावाचं लग्न जुन्याच दोन खोल्यांत. रस्ता आधी करणार की भूखंड आधी देणार, हे लेखी घ्या.

बांधावरचा:
सगळ्यांचे आभार. रविवारी दादांना शिवाजीनगरला घेऊन गेलो. एका फाटकावर तो नंबर सापडला. दादांनी पाटीवर बोट फिरवलं, आत डोकावले, वॉचमनला विचारलं, “इथली विहीर कुठं होती?” त्याला काय माहीत असणार!

येताना बसमध्ये स्वतःच म्हणाले, वारस नोंदीचं बघ. म्हणजे धाकट्या आत्याकडं जायला लागणार. बांधाच्या दाव्यात ती पलीकडून साक्षीला होती, तेव्हापासून येणंजाणं नाही. मोठी आत्या बरोबर यायला तयार आहे. बघू.