मदत हवी आहे : पिन पार्वती खिंड कोणत्या बाजूने ओलांडावी?

नमस्कार मंडळी,

येत्या सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही चौघे हिमाचलातील पिन पार्वती खिंड (५३१९ मीटर) ओलांडण्याच्या विचारात आहोत; मात्र सुरुवात कुल्लूकडील बरशैणीहून करावी की स्पितीतील मुध गावाहून, हे ठरत नाही. बरशैणीहून खीरगंगा, ओडी थाच, मानतलाई असे टप्प्याटप्प्याने चढत गेल्यास शरीराला विरळ हवेची सवय होत जाते, हे पटते. उलट मुध मुळातच साडेतीन हजार मीटरच्या वर असल्याने तिकडून निघायचे तर आधी काझात दोन-तीन दिवस थांबणे भाग आहे.

माझी खरी काळजी वेगळी आहे. दोन वर्षांपूर्वी मनालीजवळच्या, उंचावरील भृगू सरोवराच्या काठी माझे डोके इतके ठणकू लागले की बुटाची नाडी बांधतानाही मध्येच थांबून श्वास घ्यावा लागला. (कळसूबाईच्या १६४६ मीटरवर केलेला सराव तिथे फारसा उपयोगी पडत नाही, हे तेव्हा कळले.) त्यातच मला सल्फा औषधांची अॅलर्जी असल्याने डॉक्टरांनी डायमॉक्स (विरळ हवेचा त्रास टाळण्यासाठी घेतात ती गोळी) घेऊ नये असे सांगितले आहे. या गोळीशिवाय ही खिंड ओलांडलेल्यांनी विश्रांतीचे दिवस नेमके कुठे ठेवले होते?

तसेच, सप्टेंबरमध्ये खिंडीजवळच्या हिमनदीवरील भेगा उघड्या दिसतात की ताज्या बर्फाखाली झाकलेल्या असतात, आणि पाठीवर सामान घेऊन पार्वती नदीवरील पांडुपुलाच्या (नैसर्गिक दगडी पुलाच्या) प्रचंड शिळांवरून जाताना दोर लावावा लागतो का, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.